आकाशातला चकवा: रात्री लहान विमान उडवताना क्षितिज हरवलं तर

चंद्र उगवायला अजून दोन तास होते. खाली पाणी, पाण्यावर मच्छीमारांच्या होड्यांचे तुरळक दिवे, वर चांदण्या, आणि मधली रेघ कुठेच नाही. मांडीवरच्या पॅडवरून पेन घसरून पायाशी पडलं. मी वाकलो, चाचपडत ते उचललं, मान वर केली, आणि विमान डावीकडे कलतंय अशी माझी खात्रीच पटली. हात आपसूक योक (विमान उडवायचं चाक) उजवीकडे फिरवायला लागला. शेजारी बसलेले सर हलले नाहीत की ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काय बघून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी काहीच बघितलेलं नव्हतं. कृत्रिम क्षितिजाकडे, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या यंत्राकडे, नजर टाकली तेव्हा विमान उजवीकडे दहा अंश कललं होतं, आणि ते मीच कलवलं होतं.

रात्री रानात चकवा लागतो म्हणतात. माणूस आपल्या मते नाकासमोर चालत असतो आणि फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो. आकाशातला चकवा त्याच जातीचा, फक्त इथे प्रत्येक फेरीला उंची कमी होत जाते.

ज्यांच्याकडे परवाना आहे, रात्रीचं थोडंफार उड्डाण झालंय, पण इन्स्ट्रुमेंट रेटिंग (नुसती यंत्रं बघून उडवण्याची पात्रता) नाही किंवा आहे तरी गंजलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हे वाचून प्रशिक्षकाशिवाय रात्री बाहेर पडू नका. नियमही देशागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी रात्री नजरेवर, म्हणजे व्हीएफआरने, उडायला वेगळं रेटिंग लागतं, काही ठिकाणी परवानगीच नसते. ते आधी तपासा.

कान काय सांगतो आणि का चुकतो

पाण्याने भरलेली बादली जागच्या जागी गरकन फिरवली तर पाणी आधी स्थिर राहतं. थोडा वेळ फिरवत राहिलं तर पाणीही बादलीबरोबर फिरू लागतं. आणि बादली थांबवली तरी पाणी फिरतच राहतं. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांचं काम नेमकं असंच चालतं. डोकं वळलं की आतला द्रव मागे राहतो, बारीक केस वाकतात, मेंदूला वळण कळतं. पण वळण एकाच गतीने चालू राहिलं तर साधारण १० ते २० सेकंदांत द्रव नलिकेला गाठतो, केस सरळ होतात, आणि मेंदूच्या लेखी वळण संपतं. विमान मात्र वळतच असतं. वळण फार हळू सुरू झालं असेल तर ते मुळात जाणवतही नाही.

आता हे विमानाला लावून बघा. तुम्ही नकाशा बघताय, डावा पंख हळूच खाली गेलाय, कानाला पत्ता नाही. कललेल्या विमानाचं नाक थोडं झुकतं, वेग वाढतो, इंजिनाचा आवाज चढतो. अल्टिमीटर (उंचीचा काटा) उतरताना दिसतो. शरीर म्हणतंय पंख सरळ आहेत, म्हणजे आपण सरळ खाली चाललोय. मग तुम्ही योक मागे ओढता. पण विमान कललेलं असल्यामुळे ओढल्याने उंची मिळत नाही, वळण आवळत जातं. उंची आणखी घटते, तुम्ही आणखी ओढता. इंग्रजीत याला 'ग्रेव्हयार्ड स्पायरल' म्हणतात. आणि मध्येच कुणी पंख सरळ केलेच, तर बादलीतल्या पाण्यासारखा कानातला द्रव फिरत राहतो, आता उलट बाजूला वळतोय असं वाटतं, आणि माणूस स्वतःच्या हाताने विमान पुन्हा मूळ वळणात घालतो.

माझ्या पेनाची गोष्ट थोडी वेगळी. विमान वळत असताना डोकं दुसऱ्याच दिशेला झटकन हललं की वेगवेगळ्या नलिका एकदम चाळवतात आणि गरगरल्यासारखं होतं. त्या रात्री आम्ही नकळत अगदी थोडं वळत असू. एवढंसं पुरलं.

तिसरा प्रकार वेग वाढण्याचा. कानातच गुरुत्वाकर्षण ओळखणारे दोन छोटे अवयव आहेत. त्यांना 'पाठीमागे ढकलला गेलो' आणि 'मागे कललो' यांतला फरक कळत नाही. दिवसा डोळे तो निकाल देतात. अंधारात टेकऑफनंतर वेग वाढत असताना नाक फारच वर गेलंय असं ठाम वाटतं, आणि हात योक पुढे ढकलतो. जमीन तिथून काहीशे फुटांवरच असते.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला. इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण नसलेल्या २० विद्यार्थ्यांना बीचक्राफ्ट बोनान्झा विमानात बाहेरचं काही दिसू न देता उडवायला दिलं, अर्थात सोबत प्रशिक्षक होताच. विसांच्या वीसही जणांचा ताबा सुटला. सगळ्यांत लवकर २० सेकंदांत, सगळ्यांत उशिरा ४८० सेकंदांत. सरासरी १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंही नाहीत. हा आकडा वैमानिकांत फार प्रसिद्ध आहे, पण त्या प्रयोगाचा उत्तरार्ध कुणी सांगत नाही: त्याच विद्यार्थ्यांना सरळ होऊन १८० अंश वळून परतण्याची एक ठरावीक पद्धत शिकवली, आणि नंतरच्या ६० प्रयत्नांपैकी ५९ यशस्वी झाले. माझ्या मते सांगायची गोष्ट ती आहे. हे शिकता येतं, आणि फार अवघड नाही.

घरून निघण्यापूर्वी

हवामान अहवालात दृश्यमानता चांगली लिहिली असली म्हणजे क्षितिज दिसेल असं नाही. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनियर पत्नी आणि मेहुणीसह पायपर साराटोगा हे लहान विमान घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. शेवटचा टप्पा समुद्रावरून, हवा धुरकट. कायद्याने ते उड्डाण नजरेवर करता येत होतं. त्या संध्याकाळी तिकडे उडालेल्या इतर वैमानिकांनीही पाण्यावर क्षितिज दिसत नव्हतं असं सांगितलं. विमानाने उतरता उतरता वळणं घेतली, शेवटी मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त गतीने ते खाली आलं, आणि तिघेही गेले. तपासात कारण निघालं ते दिशाभ्रमामुळे ताबा सुटल्याचं. साराटोगात ऑटोपायलट होता. केनेडींना इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हतं.

म्हणून निघण्यापूर्वी मी पुढच्या गोष्टी बघतो.

चंद्र कधी उगवतो, कधी मावळतो आणि त्या वेळी आकाश झाकलेलं असेल का. अष्टमीचा चंद्र असेल आणि ढग नसतील तर अर्धी लढाई जिंकली. अमावास्येला, ढगांखाली, वस्ती नसलेल्या भागावरून उडणं म्हणजे कागदोपत्री व्हीएफआर आणि प्रत्यक्षात इन्स्ट्रुमेंट उड्डाण.

मार्गावर दिवे कुठे आहेत. नकाशावर पाणी, जंगल, डोंगर, वाळवंट असे पट्टे पेन्सिलीने रंगवा. हे तुमचे काळे पट्टे. महामार्गाच्या कडेने गेलं तर पंधरा मिनिटं जास्त लागतील. लागू द्या. एखादा काळा पट्टा टाळता येत नसेल तर तिथे शिरण्याआधीच ऑटोपायलट लावायचा आणि नजर आत आणायची, हे घरीच ठरवा. तिथे गेल्यावर ठरवू म्हणणाऱ्याचं ठरत नाही.

तापमान आणि दवबिंदू. दोन्हींत तीन अंश सेल्सियसपेक्षा कमी फरक असेल आणि रात्र वाढेल तसा तो घटत असेल, तर धुकं किंवा खालचे ढग येणार हे धरून चाला. रात्री ढग दिसत नाही, तो दिवे गिळतो तेव्हाच कळतो.

सुरक्षित उंची. मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान १,००० फूट वर, डोंगराळ भागात २,०००. ही उंची प्रत्येक टप्प्यापुढे मोठ्या अक्षरात लिहा. पुढे एक पायरी येईल तिथे तुम्हाला नेमका हाच आकडा लागणार आहे, आणि तेव्हा नकाशात डोकं घालायची सोय नसेल.

डोळे आणि कॉकपिट

अंधाराला डोळे पूर्ण सरावायला साधारण ३० मिनिटं लागतात, आणि एक झगझगीत दिवा ते काही सेकंदांत घालवतो. म्हणून मोबाइल आणि टॅबलेट रात्रीच्या मंद रंगावर ठेवा. अंधारात दृष्टीच्या अगदी मध्यावर आंधळा ठिपका असतो, त्यामुळे अंधुक वस्तू बघायची तर पाच-दहा अंश बाजूला बघायचं. एकाच दिव्याकडे टक लावू नका. दहा-बारा सेकंदांत तो हलायला लागतो, म्हणजे तसं वाटतं, आणि लोक स्थिर चांदणीला चुकवायला वळतात. शिवाय डोळ्यातल्या अंधारात बघणाऱ्या पेशींना प्राणवायू कमी पडलेला फार लवकर बाधतो. ५,००० फुटांवरच नजर मंदावू लागते, त्यामुळे रात्री त्याच्या वर जायचं तर ऑक्सिजन वापरावा असा सल्ला असतो.

टॉर्च दोन. एक गळ्यात किंवा डोक्यावर, दुसरा न वाकता सापडेल अशा जागी. लाल दिवा डोळ्यांना बरा, पण नकाशावरच्या लाल-जांभळ्या रेघा त्यात दिसेनाशा होतात, म्हणून मंद पांढराही हवा. पेनाला दोरी बांधा. हसू नका, मी बांधतो.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवताना, इन्स्ट्रुमेंट तपासा. वळताना टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं यंत्र) योग्य बाजूला कलतो का, त्यातला बॉल उलट बाजूला जातो का, हेडिंग (नाकाची दिशा) बदलतं का, कृत्रिम क्षितिज स्थिर राहतं का. व्हॅक्यूम पंपावर (हवा ओढून यंत्रं फिरवणाऱ्या पंपावर) चालणारी इन्स्ट्रुमेंट असतील तर सक्शन गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. रोज करतो तीच तपासणी आहे, पण दिवसा ती उरकली जाते. रात्री तुमचं क्षितिज त्याच डबीतून येणार आहे.

टेकऑफ: पहिला काळा पट्टा

धावपट्टीच्या दिव्यांच्या उजेडात सगळं छान दिसतं. शेवटचा दिवा पंखाखालून मागे गेला की समोर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. म्हणून पद्धत अशी: चाकं उचलली की नजर कृत्रिम क्षितिजावर, नाक ठरलेल्या कोनावर, पंख सरळ. मग व्हीएसआय (चढण्या-उतरण्याची गती दाखवणारा काटा) आणि अल्टिमीटर दोन्ही चढण दाखवतात का ते बघा. एकाने भागत नाही, दोन्ही. वेग स्थिर होईपर्यंत योक पुढे ढकलायची इच्छा झाली तर ती वर सांगितलेल्या कानाची समजायची. किमान ५०० फूट होईपर्यंत वळण नाही, रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलणं नाही, फ्लॅपखेरीज कशालाही हात नाही.

काहीतरी बिघडतंय हे कसं ओळखायचं

दिवसा ढग दुरून दिसतो. रात्री खुणा वाचाव्या लागतात, आणि त्या बारीक असतात.

जमिनीवरच्या दिव्यांभोवती तेजोवलय यायला लागलं, दूरचे दिवे पिवळट होऊन विरघळायला लागले, तर मध्ये धुकं किंवा धुरकट हवा आहे. चांदण्या एका बाजूने नाहीशा होत असतील तर तिथे ढग आहे. पंखाच्या टोकावरच्या लाल-हिरव्या दिव्यांभोवती रंगीत धूर दिसला, किंवा स्ट्रोबचा (लुकलुकणाऱ्या प्रखर दिव्याचा) झगमगाट खिडकीत परत यायला लागला, तर तुम्ही ढगात शिरलेलेच आहात. याउलट समोरचे दिवे मंद न होता एकेक करून पटकन विझत असतील, आणि खालचे आधी, तर समोर ढग नसून डोंगर आहे. हा फरक पाठ करून ठेवा, कारण दोन्हींवरचं उत्तर सारखं नाही: डोंगरासाठी लगेच चढायचं आणि दिव्यांच्या बाजूला वळायचं.

खोटी क्षितिजं ही वेगळी जात. तिरक्या जाणाऱ्या रस्त्याचे दिवे, किनाऱ्याची रांग, उतरता ढगाचा थर. मेंदूला आडवी रेघ हवीच असते, आणि खरी नसली तर तो मिळेल ती उचलतो. 'आज विमान एका बाजूला ओढतंय' असं मनात आलं की आधी बाहेर बघणं थांबवा.

आणि सगळ्यांत खात्रीची खूण: क्षितिज शोधण्यासाठी तुम्हाला डोळे बारीक करावे लागताहेत. इथेच लोक वेळ घालवतात. 'दिसेल आता' म्हणत मान पुढे करून काचेबाहेर बघत राहतात, आणि विमान कुणीच उडवत नसतं.

पहिलं मिनिट

क्षितिज गेलं असं वाटलं की हा क्रम. बसल्या जागी, कुणाला तरी वाचायला सांगून, हात हलवत याचा सराव करा.

१. नजर आत. अर्धी आत अर्धी बाहेर चालत नाही. मी मोठ्याने म्हणतो, "आत." बाहेर दिव्यांचं एखादं भोक दिसलं तरी लगेच बाहेर जायचं नाही.

२. पंख सरळ. फक्त कृत्रिम क्षितिज बघून. योक दोन बोटांत, मुठीत नाही. मुठीत धरलेला योक तुमची भीती थेट पंखांपर्यंत पोचवतो.

३. नाक क्षितिजावर, पॉवर क्रूझची (नेहमीच्या सरळ उड्डाणाची). विमान आधीच ट्रिम केलेलं, म्हणजे योक न धरताही सरळ उडेल असं लावलेलं होतं, ते सरळ उडायला तयार आहे. त्याला उडू द्या.

४. ऑटोपायलट असेल तर आता लावा. पंख सरळ करणारं बटण असेल तर तेच. यात कमीपणा नाही. फक्त लावल्यावर पॅनेलवर तो खरंच लागलाय का ते वाचा आणि विमान त्याप्रमाणे वागतंय का ते बघा.

५. झगमगाट बंद. लँडिंग लाइट आणि ढगात परावर्तित होणारा स्ट्रोब. काचेवरची पांढरी भिंत जाते आणि गरगरणं कमी होतं.

६. थांबा. हीच सर्वांत अवघड पायरी. लगेच वळू नका. पंख सरळ, उंची स्थिर, हेडिंग स्थिर, असे पंधरा-वीस सेकंद काढा. कानातलं पाणी शांत व्हायला तेवढा वेळ लागतो. या काळात तुम्ही कललेले आहात असं शरीर ओरडून सांगेल. मान वाकडी करून बसावंसं वाटेल. बसा वाकडे, पण पंख सरळ ठेवा.

७. उंची बघा. लिहून ठेवलेल्या आकड्याच्या खाली असाल तर आधी सरळ चढा. पॉवर पूर्ण, नाक ठरल्या कोनावर, पंख सरळ. चढ आणि वळण एकत्र नको.

८. मग वळा, जिथून आलात तिकडे. मागचं आकाश मोकळं होतं हे तुम्हाला माहीत आहे, पुढचं माहीत नाही. नवीन हेडिंग आधी मोठ्याने म्हणा आणि हेडिंग बग (ठरलेली दिशा दाखवणारी सरकती खूण) असेल तर त्यावर लावा. कलण १५ अंशांच्या वर नाही. १०० नॉट वेगाला त्या कलण्याने सेकंदाला साधारण ३ अंश वळण होतं, म्हणजे १८० अंशांना एक मिनिट. घड्याळ लावा. पोचण्याआधी सातेक अंश पंख सरळ करायला सुरुवात करा. वळण संपल्यावर उलट बाजूला वळतोय असं वाटेल. वाटू द्या.

या सगळ्यात नजर कशी फिरवायची? कृत्रिम क्षितिज हे घर. घरातून अल्टिमीटरकडे जा, परत घरी. हेडिंगकडे जा, परत घरी. वेगाकडे, परत घरी. एका ठिकाणी दोन सेकंदांपेक्षा जास्त मुक्काम नाही. नवशिके उंचीच्या काट्याला चिकटून बसतात, कारण भीती उंचीचीच असते. तेवढ्या वेळात हेडिंग वीस अंश सरकलेलं असतं.

स्पायरलमध्ये सापडलात तर

वेग वाढतोय, अल्टिमीटर भरभर उतरतोय, हेडिंग फिरतंय, वाऱ्याचा आवाज चढलाय. इथे क्रम चुकवायचा नाही. आधी पॉवर बंद. मग पंख सरळ. आणि पंख सरळ झाल्यावरच नाक हळूहळू वर. घाबरलेला हात हा क्रम नेमका उलटा करतो, आधी ओढतो. कललेल्या, वेगात असलेल्या विमानाला ओढलं तर वळण आवळतं आणि सांगाड्यावरचा ताण मर्यादेबाहेर जातो.

एक बारीक गोष्ट पुस्तकांत एका ओळीत उरकतात. वाढलेल्या वेगामुळे पंख सरळ होताच नाक आपोआप वर उसळतं, कारण ट्रिम कमी वेगाचं असतं. त्यामुळे ओढायच्या ऐवजी बहुधा तुम्हाला योक थोडा पुढे दाबून त्याला आवरावं लागतं. हे एकदा दिवसा, उंचावर, प्रशिक्षकासोबत करून बघितल्याशिवाय पटत नाही.

नाक वर आणि वेग घटतोय अशी उलटी स्थिती असेल तर: पॉवर पूर्ण, नाक खाली, पंख सरळ.

कृत्रिम क्षितिजच खोटं बोललं तर

२४ सप्टेंबर १९२९ ला अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर काहीही न बघता टेकऑफ, उड्डाण आणि लँडिंग केलं, ते स्पेरींच्या कृत्रिम क्षितिजासारख्या यंत्रांवर विसंबून. तेव्हापासून आपण या एका डबीवर जगतो. पण तिची भाषा आधी शिकलेली हवी. ३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवातल्या क्लिअर लेकजवळ ज्या अपघातात गायक बडी हॉली गेले, त्या बोनान्झात जुन्या धाटणीचं स्पेरी यंत्र होतं. नाक वर की खाली हे ते नेहमीच्या यंत्राच्या उलट दाखवायचं. वैमानिक २१ वर्षांचा, इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही, रात्र काळी, हिमवर्षावाची. विमान धावपट्टीपासून काही मैलांवरच कोसळलं. भाड्याचं विमान घेऊन रात्री उडणाऱ्यांनी पॅनेलची ओळख दिवसा, जमिनीवर करून घ्यावी असं मी म्हणतो ते यासाठी.

व्हॅक्यूम पंप गेला तर कृत्रिम क्षितिज एकदम पडत नाही. आतला जायरो (फिरती चकती) मंदावत काही मिनिटांत हळूहळू कलतो, आणि तुम्ही इमानदारीने त्याच्यामागे विमान कलवत जाता. म्हणून अधूनमधून साक्ष घ्या: हे कलण दाखवतंय, मग हेडिंग फिरतंय का? टर्न कोऑर्डिनेटर, जो सहसा विजेवर चालतो, तेच म्हणतोय का? तिघांची साक्ष जुळत नसेल तर सक्शन गेज बघून खोटारड्यावर कागद चिकटवा. तो दिसत राहिला तर नजर तिकडे जातेच. मग टर्न कोऑर्डिनेटरवर पंख सरळ, वेग आणि अल्टिमीटरवर नाक. टर्न कोऑर्डिनेटर नाकाबद्दल काहीच सांगत नाही, हे विसरू नका.

मदत मागणं

विमान स्थिर झाल्यावरच रेडिओ. पण झाल्यावर लाजू नका. ज्या केंद्राशी बोलत होता त्यालाच, नाहीतर १२१.५ मेगाहर्ट्झवर. रडारच्या संपर्कात असाल तर ट्रान्सपॉन्डरच्या (रडारला तुमची ओळख पाठवणाऱ्या यंत्राच्या) बटणांशी खेळायची गरज नाही. नसाल तर त्यावर ७७०० हा संकटाचा कोड, तेही मान न वाकवता जमलं तर. सांगायचं एवढंच: कोण, कुठे, किती उंचीवर, "इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही, क्षितिज दिसत नाही, मोकळ्या आकाशाकडे दिशा द्या." 'पॅन-पॅन' (तातडीची हाक) म्हणा, ताबा डळमळत असेल तर 'मेडे' (संकटाची हाक). लोक इथे गोलगोल बोलतात, 'जरा ढगाळ आहे' वगैरे, आणि समोरच्याला गांभीर्य कळतच नाही.

हेडिंगचं इन्स्ट्रुमेंट बंद असेल तर तेही सांगा. रडारवरचा माणूस "डावीकडे वळा" आणि "थांबा" एवढ्या दोन शब्दांवर तुम्हाला परत आणू शकतो. एका वेळी एकच सूचना मागा. फ्रिक्वेन्सी बदलायला सांगितली आणि जमत नसेल तर "जमणार नाही" म्हणा, त्याला तो शब्द समजतो.

उतरताना

दिवे दिसले म्हणून सुटलो, असं वाटतं. पण काळ्या पट्ट्यापलीकडची उजळ धावपट्टी हा शेवटचा चकवा आहे. आजूबाजूला काहीच नसताना नुसते धावपट्टीचे दिवे दिसले की आपण फार उंच आहोत असं वाटतं आणि माणूस नकळत खाली खाली येत धावपट्टीच्या अलीकडे जमिनीला लागतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बोइंगमधल्या कॉनरॅड क्राफ्ट यांनी सिम्युलेटरवर मुरलेल्या वैमानिकांकडून अशी अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) करवून घेतली. तेही खालीच आले.

उपाय आकड्यांचा. ३ अंशांच्या उतारावर प्रत्येक सागरी मैलाला साधारण ३०० फूट: तीन मैलांवर ९०० ते ९५०, दोन मैलांवर ६०० च्या थोडं वर. उतरण्याची गती म्हणजे जमिनीवरचा वेग गुणिले पाच. ९० नॉटला मिनिटाला ४५० फूट. पापी (PAPI, धावपट्टीशेजारचे उतार दाखवणारे चार दिवे) असतील तर दोन पांढरे, दोन लाल दिसायला हवेत. चारही लाल झाले तर वाट न बघता पातळी धरा. लांबवरून सरळ येण्यापेक्षा धावपट्टीच्या डोक्यावर येऊन नेहमीचं सर्किट (धावपट्टीभोवतीची ठरलेली फेरी) करा. धावपट्टीचे जवळचे दिवे अचानक विझले तर तुमच्या आणि त्यांच्या मध्ये काहीतरी आलंय: तत्काळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. आणि तो गो-अराउंड म्हणजे पुन्हा टेकऑफ, पुन्हा तोच कान, पुन्हा नजर आत.

सराव कशाचा करायचा

डोळ्यांवर हूड (फक्त पॅनेल दिसू देणारी झापड) घालून दिवसा केलेला सराव चांगला, पण हूडच्या कडेने ऊन येतं, सावली फिरते, आणि शरीर त्यातून चोरून माहिती घेतं. म्हणून तोच सराव रात्री, काळ्या पट्ट्यावर, प्रशिक्षक शेजारी घेऊन करा. एका तासात एवढं बसतं: सरळ उडणं दहा मिनिटं, १८० अंशांची वळणं सहा, तीन डावीकडे तीन उजवीकडे, डोळे मिटून प्रशिक्षकाने बिघडवलेली स्थिती सावरणं चार वेळा, कृत्रिम क्षितिज झाकून दोन वळणं, शेवटी दोन काळ्या अप्रोच, आकडे मोठ्याने म्हणत. दर तीन-चार महिन्यांनी एकदा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक गोष्ट जास्तीची करायला लावतो: पेन खाली पाडायचं, वाकून उचलायचं, आणि वर आल्यावर शरीर काय म्हणतंय ते आधी बोलून दाखवायचं, मग पॅनेल वाचायचं. दोन्ही उत्तरं मी वहीत शेजारी-शेजारी लिहितो आणि उतरल्यावर वही त्यांच्या हातात देतो.